बारा व्होल्टच्या एलईडी पट्टीचं बटण नक्की कुठे घ्यायचं?

घराचं काम निघालं की वायरमन एका टप्प्यावर विचारतो, "साहेब, या पट्टीचं बटण कुठून घेऊ?" आपल्याला वाटतं, तो भिंतीवरची जागा विचारतोय. दाराजवळ की सोफ्यामागे? आपण बोट दाखवतो आणि टाइल्सच्या भानगडीत शिरतो. पण त्याच प्रश्नात दुसरा एक प्रश्न दडलेला असतो, आणि तो जास्त महत्त्वाचा आहे : बटण पॉवर सप्लायच्या आधी घ्यायचं की नंतर? म्हणजे बटणातून २३० व्होल्ट जाणार की १२?

आमच्या घरी हा दुसरा प्रश्न कुणाच्या तोंडून निघालाच नाही. हॉलच्या फॉल्स सीलिंगला कडेने खोबण ठेवून तिच्यात पाच मीटर एलईडी पट्टी लपवायची होती. पट्टी १२ व्होल्टची, तेव्हा २३० चे १२ करणारा पॉवर सप्लाय आलाच. तो डीबीशेजारच्या, म्हणजे विजेच्या मुख्य पेटीशेजारच्या, कपाटात ठेवला. कारणही पटण्यासारखं होतं : हाताशी राहील, बिघडला तर शिडी लागणार नाही. कपाटातून बारा व्होल्टच्या दोन वायरी निघाल्या. प्लसची वायर हॉलच्या बोर्डावरच्या बटणातून फिरून छतात गेली, मायनसची सरळ छतात. जाण्याचं अंतर चौदा मीटर. वायर घरातल्या बाकीच्या दिव्यांना वापरलेलीच, एक एमएमची (म्हणजे एक चौरस मिलिमीटरची). बटणही तेच, सहा अँपिअरचं.

संध्याकाळी पट्टी लावली तर उजेड मिणमिणता. दुकानात बघितलेल्या उजेडाच्या निम्माही नाही. "माल हलका आहे," वायरमन म्हणाला. दुसरी पट्टी आणली, तीही तशीच. मग सप्लायवर संशय गेला, तो बदलला, तरी तेच. शेवटी मल्टिमीटर घेऊन मी शिडीवर चढलो. कपाटात सप्लायच्या तोंडाशी १२ व्होल्ट. छतात पट्टीच्या तोंडाशी १०.६. पट्टी चांगली होती, सप्लाय चांगला होता. मधल्या चौदा मीटरांत जवळपास दीड व्होल्ट वाटेतच मुरला होता.

दीड व्होल्ट म्हणजे काय मोठं, असं वाटेल. तेच नीट समजून घेऊ, कारण एकदा ते समजलं की बटणाचं उत्तर आपोआप मिळतं.

हंडा आणि तांब्या

पट्टीच्या पुडक्यावर "मीटरला १४.४ वॅट" असं लिहिलेलं असतं. पाच मीटरचे झाले ७२ वॅट. वॅट म्हणजे किती काम होतंय ते; व्होल्ट म्हणजे रेटा किती; अँपिअर म्हणजे प्रवाह किती. रेटा गुणिले प्रवाह बरोबर काम, एवढं एकच सूत्र इथे पुरतं.

विहिरीवरून पाणी आणून घरचा हौद भरायचा आहे, असं समजा. हंड्याने आणलं तर थोड्या खेपा. तांब्याने आणलं तर हौद तेवढाच, पाणी तेवढंच, पण खेपा कितीतरी पट. २३० ला १२ ने भागलं तर उत्तर साधारण १९ येतं. म्हणजे हंड्याच्या एका खेपेला तांब्याच्या एकोणीस. आता विहीर आणि घर यांच्यामध्ये अरुंद बोळ आहे. हंडेवाल्यांना तो पुरतो. तांबेवाल्यांची मात्र त्यात खेचाखेच होते. भांडं म्हणजे व्होल्ट, खेपा म्हणजे अँपिअर, आणि तो बोळ म्हणजे आपली वायर.

आकड्यांत बघायचं तर १२ व्होल्टवर ७२ वॅट म्हणजे ६ अँपिअर. तीच पट्टी, तोच उजेड. पण सप्लायच्या अलीकडे, २३० व्होल्टच्या बाजूला, सप्लायमध्ये वाया जाणारी वीज धरूनही प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आसपास. "बाराच व्होल्ट तर आहेत, बारीक वायर चालेल" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की ते खरं वाटायला लागतं. ते बरोबर उलटं आहे. व्होल्ट कमी झाले की तेवढ्याच उजेडाला अँपिअर वाढतात, आणि वायरीची जाडी ठरते ती अँपिअरवर.

आता बोळाची रुंदी. एक एमएमच्या तांब्याच्या वायरीचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, मीटरला साधारण ०.०१८ ओहम. चौदा मीटर जायचं आणि चौदा मीटर यायचं, कारण करंट प्लसने जातो आणि मायनसने परततो. अंतर मोजताना परतीची वाट विसरणं ही फार नेहमीची चूक. २८ मीटरचे झाले अर्धा ओहम. त्यातून ६ अँपिअर नेले तर ३ व्होल्ट वायरीतच खर्च होतील. बारातले तीन, म्हणजे चौथा हिस्सा. तेच २३० व्होल्टच्या बाजूला अर्ध्या अँपिअरला पाव व्होल्ट. दोनशे तीसातला पाव व्होल्ट कुणाच्या लक्षातही येणार नाही.

पट्टीच्या पोटात

मग माझ्या मीटरने ९ का नाही दाखवले, १०.६ का दाखवले? याचं उत्तर पट्टीच्या आत आहे, आणि मला या सगळ्या प्रकरणात तोच भाग सर्वांत आवडतो.

पट्टी हातात घेऊन बघा. दर तीन दिव्यांनंतर एक आडवी रेघ आणि बारीकशी कात्री छापलेली दिसेल. मीटरला ६० दिवे असतील तर ही खूण दर पाच सेंटिमीटरला. पट्टी कापायची ती फक्त तिथेच. का? पांढरा एलईडी म्हणजे आतून निळा दिवा आणि त्यावर पिवळसर लेप. तो निळा दिवा जमवायला जगाला फार वेळ लागला. तो जमवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. अशा एका दिव्याला पेटायला साधारण ३.२ व्होल्ट लागतात. तीन दिवे एकामागे एक जोडले की ९.६. उरलेले २.४ व्होल्ट अंगावर घ्यायला करंटला आवर घालणारा एक छोटा रेझिस्टर. झाले बारा. पाच सेंटिमीटरचा हा तुकडा म्हणजे स्वतंत्र, पूर्ण दिवा. अशा तुकड्यांची माळ म्हणजे आपली पट्टी.

आता बघा, बाराचे दीड व्होल्ट कमी झाले तर काय होतं. एलईडी हट्टी असतात. त्यांना त्यांचे ९.६ जवळपास पूर्ण हवेच असतात. त्यामुळे सगळी तूट त्या रेझिस्टरच्या वाट्याला येते. त्याच्याकडे होते २.४, आता उरला जेमतेम एक. आणि दिव्यांतून किती करंट जाणार हे तो रेझिस्टरच ठरवतो. व्होल्ट बारा टक्क्यांनी घटले, करंट मात्र निम्म्याहून खाली आला. उजेडही त्याच मापाने. माझी पट्टी मिणमिणत होती ती यामुळे. करंट घटला म्हणून वायरीतली तूटही तीनऐवजी दीडवर आली आणि गाडी १०.६ वर येऊन थांबली.

हीच गोष्ट उलट्या बाजूनेही खरी आहे, आणि तिथे धोका आहे. बऱ्याच लोखंडी जाळीच्या सप्लायला स्क्रूने फिरवायची एक पिवळी किंवा पांढरी गुंडी असते. उजेड कमी वाटला की कुणीतरी ती फिरवून व्होल्ट वाढवून देतो. बाराचे १३.२ केले, म्हणजे दहाच टक्के वाढ. पण रेझिस्टरवर २.४ चे ३.६ झाले, करंट दीडपट. सप्लायला जवळ असलेले दिवे तापतात आणि काही महिन्यांत त्यातले तीन-तीन दिवे काळे पडायला लागतात. तीनच्या गटाने का जातात, हे आता सांगायला नको.

मग आम्ही काय केलं

नवी वायर ओढायची म्हणजे भिंत फोडायची, असं घरातल्या सगळ्यांनी धरलं होतं. भिंतीला हात लावावा लागला नाही. पॉवर सप्लाय कपाटातून उचलून छतात नेला, पट्टीच्या तोंडापासून दीड फुटावर, आणि तिथे पीओपीला उघडता येईल असं झाकण केलं. कपाटात ज्या दोन वायरी सप्लायच्या प्लस-मायनसला होत्या, त्यांना आता सरळ फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परतीची वायर) दिले. प्लसची वायर बटणातून जात होती, ती झाली फेजची. मायनसची सरळ जात होती, ती झाली न्यूट्रल. सप्लायची पेटी लोखंडी, तिला अर्थिंग हवंच, म्हणून त्याच पाइपातून हिरवी वायर नव्याने ओढली. घरातली नेहमीची वायर ११०० व्होल्टच्या प्रतीची असते, त्यामुळे तिला २३० चालणारच होते.

तीच वायर, तेच बटण, तीच पट्टी, तोच सप्लाय. बदलली फक्त सप्लायची जागा. पट्टीच्या तोंडाशी मीटर बाराला चिकटून उभा राहिला, आणि हॉल दुकानातल्यासारखा उजळला.

म्हणून माझं स्पष्ट मत : घरातल्या साध्या पट्टीसाठी बटण सप्लायच्या आधी, २३० च्या बाजूलाच घ्या. सप्लाय दिव्याजवळ न्या. लांबचा प्रवास २३० ला करू द्या, बाराला शेवटचे दोन-चार फूट चालू द्या. या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. बटण बंद केलं की सप्लायही पूर्ण बंद होतो. बटण नंतर घेतलं तर दिवा बंद असतानाही सप्लाय रात्रंदिवस जागा राहतो, थोडी वीज खातो, कोमट राहतो आणि त्यातले वीज साठवणारे कपॅसिटर उगाच म्हातारे होतात.

बटणावरचा आकडा एसीचा असतो

कुणी म्हणेल, व्होल्टची तूट जाड वायर टाकून भरून काढू, पण बटण बाराच्या बाजूलाच ठेवू. बटण तर सहा अँपिअरचंच आहे, पट्टीही सहाच घेते. बरोबर ना?

बटणाच्या मागची बाजू वाचा. ६ अँपिअर, २४० व्होल्ट, आणि त्यापुढे एसीची नागमोडी खूण. आयएसआय शिक्क्यासाठी ज्या आयएस ३८५४ या मानकाने घरगुती बटणं तपासली जातात, ते एसीसाठी आहे. एसी म्हणजे आपल्या घरची, सतत दिशा बदलणारी ५० हर्ट्झची वीज. ती सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते. बटण बंद करताना आतले दोन पत्रे दूर होतात तेव्हा मध्ये ठिणगी पडते, आणि पुढच्या शून्याला ती आपणच विझते. डीसी म्हणजे बॅटरीसारखी एकाच दिशेने वाहणारी वीज; सप्लायची बाराची बाजू डीसीच असते. डीसीला शून्यच नाही. तिथे ठिणगी ताणली जाऊन तुटेपर्यंत चालू राहते.

इथे खरं तेवढंच सांगायला हवं. बारा व्होल्टला ठिणगी फार काळ तग धरत नाही, त्यामुळे बाराच्या पट्टीवर साधं बटण लावून वर्षानुवर्षं चाललेली घरं तुम्हाला सापडतील. चोवीसला तिचा जोर वाढतो, अठ्ठेचाळीसला साध्या बटणाचे पत्रे जळायला लागतात. ज्या बटणावर डीसीचा आकडाच छापलेला नाही, ते डीसीवर किती टिकेल याची हमी बनवणाऱ्याने दिलेली नाही, एवढं लक्षात ठेवावं. डीसीवरच बटण हवं असेल तर डीसीचे व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेलं बटण घ्यावं.

सगळेच छोटे दिवे बारा व्होल्टचे नसतात

इथे लोकांची सर्वांत जास्त गफलत होते.

छतात खड्डा करून बसवतो ते गोल किंवा चौकोनी पॅनेल घ्या. त्यांच्यासोबत एक पांढरी डबी येते. तिच्यावर "१२ व्होल्ट" नसतं. "३०० मिलिअँपिअर" असं काहीतरी असतं आणि व्होल्टच्या जागी मर्यादा, अमुक ते तमुक. ही डबी व्होल्ट कायम ठेवत नाही, करंट कायम ठेवते. पट्टीचा सप्लाय म्हणतो, "बारा व्होल्ट घे, करंट हवा तेवढा ओढ." ही डबी म्हणते, "करंट एवढाच देणार, व्होल्ट लागतील तसे वाढवीन." म्हणून हिच्या आणि पॅनेलच्या मध्ये बटण कधीच घेऊ नये. बटण उघडं असताना डबी करंट ढकलायला बघते, तो जात नाही, म्हणून व्होल्ट आपल्या कमाल मर्यादेपर्यंत चढवून बसते. मग बटण दाबलं की साठलेला सगळा झटका पॅनेलवर. डबी चालू ठेवून पॅनेलची पिन काढणं-लावणं हेही तसंच. पॅनेल नवं असताना "आपोआप" गेलं अशी तक्रार असते, त्यातली काही अशी गेलेली असतात.

दुसरा प्रकार रोप लाइटचा. दिवाळीत गॅलरीला गुंडाळतो ती प्लास्टिकच्या नळीतली लांबलचक माळ, टोकाला छोटी डबी आणि पिन. दिसते पट्टीसारखी, पण तिच्यातली बरीचशी सरळ २३० व्होल्टवर चालते. ती डबी एसीचं डीसी करते, व्होल्ट कमी करत नाही. तिला कापून उघडं टोक हाताळणं म्हणजे बोर्डात बोट घालणं. कुठलीही पट्टी हातात आली की आधी तिच्यावर छापलेले व्होल्ट वाचा. आणि स्वस्त सप्लाय घेताना हेही बघा की त्याची बाराची बाजू २३० पासून पूर्ण अलग केलेली आहे. तशी नसेल तर "बाराच व्होल्ट, हात लावला तरी चालतो" हा भरवसा खोटा आहे.

बटणातून फेजच जायला हवी

बटण २३० च्या बाजूला घ्यायचं ठरलं, तर त्यातून फेज तोडायची, न्यूट्रल नाही. दिवा दोन्ही प्रकारे बंद होतो, म्हणून चूक वर्षानुवर्षं लपून राहते. न्यूट्रल तोडली तर दिवा बंद दिसतो, पण सप्लायपर्यंत फेज येऊन उभी असते. खोबणीतली धूळ पुसायला ओलं फडकं घेऊन शिडीवर चढलेल्या माणसाला हे कळायचा मार्ग नाही. लाल वायर म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, हे कागदावर ठीक. जुन्या घरात रंगावर विश्वास ठेवू नये, मोजून बघावं.

याच चुकीचं एक बारीक लक्षण आहे. बटण बंद करूनही पट्टी अंधारात अगदी मंद चमकत राहते, किंवा दर काही सेकंदांनी डोळा मिचकावते. घरात भुताटकीच्या गोष्टी निघायला ते पुरतं. न्यूट्रलमधून बटण घेतलेलं असलं की असं होतं. बटणावर लाल टिमटिमता इंडिकेटर असला तरी होतं : तो इंडिकेटर पेटायला जो अगदी थोडा करंट लागतो, तो दिव्यातूनच जातो. जुन्या बल्बला तो कळतही नव्हता. एलईडीच्या सप्लायमध्ये मात्र तो थेंब-थेंब साठतो, पुरेसा झाला की सप्लाय सुरू व्हायला बघतो, पेटतो, रिकामा होतो, परत साठायला लागतो. दिवा बदलू नका, इंडिकेटर नसलेलं बटण लावा.

जिन्याला किंवा पलंगाच्या दोन्ही बाजूंना टू-वे बटणं हवी असतील तर तीही २३० च्याच बाजूला. फेज पहिल्या बटणाच्या मधल्या पायाला, दोन बटणांच्या मध्ये दोन वायरी, आणि दुसऱ्या बटणाच्या मधल्या पायातून सप्लायला. कुठलंही बटण खालीवर केलं की वाट जुळते किंवा तुटते. टू-वेसाठी भिंतीतून एक वायर जास्त लागते, ती प्लास्टरआधी सांगायला हवी.

एकाच बटणावर मोठे चार-पाच सप्लाय लटकवू नका. त्यांचा एकूण करंट कमी दिसतो, पण सुरू होताना त्यातले कपॅसिटर रिकामे असतात आणि पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट वीज एकदम गिळतात. तेवढ्या झटक्याने बटणाचे पत्रे चिकटून जातात आणि मग दिवा बंदच होत नाही.

जिथे बारावरच खेळावं लागतं

उजेड कमी-जास्त करायचा असेल तर पंख्याच्या रेग्युलेटरसारखा डिमर बटणाच्या जागी बसवून चालत नाही. साधा सप्लाय त्यावर गुणगुणतो, पट्टी लुकलुकते. त्यासाठी सप्लाय आणि पट्टीच्या मध्ये बसणारा १२ व्होल्टचा डिमर मिळतो. तो पट्टीला सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो आणि डोळ्याला सरासरी उजेड दिसतो. तरीही मुख्य बटण २३० वरच राहू द्या.

शेतघर, किंवा सोलरच्या बॅटरीवर चालणारी खोली, ही खरी वेगळी गोष्ट. तिथे २३० नाहीच, बटण डीसीवरच येणार. गाडीच्या सामानाच्या दुकानात १२ व्होल्ट डीसीचा आकडा असलेली टॉगल बटणं मिळतात, ती इथे योग्य. पण बटणाआधी फ्यूज. बॅटरीच्या प्लसला लागूनच, वीतभर अंतरात. बारा व्होल्टने माणसाला झटका बसत नाही हे खरं, पण मोठी बॅटरी शॉर्टसर्किटमध्ये शेकडो अँपिअर ओतते आणि वायरीचं इन्सुलेशन क्षणात पेटतं. आणखी एक, बॅटरी नावाची बाराची असते. चार्ज होताना ती १४.४ पर्यंत चढते. वरचा हिशोब आठवा : रेझिस्टरवर २.४ ऐवजी ४.८, करंट दुप्पट. बॅटरी आणि पट्टीच्या मध्ये व्होल्ट बाराला बांधून ठेवणारं छोटं कन्व्हर्टर बसवलं तर पट्टी टिकते.

आणि खोबणच पंधरा-वीस मीटरची असेल तर २४ व्होल्टची पट्टी घ्या. करंट निम्मा, आणि तूट टक्क्यांत चौथाई. पट्टीच्या आतली तांब्याची पातळ पट्टीसुद्धा वायरच असते. म्हणून बाराची पट्टी पाच मीटरपेक्षा लांब सलग जोडली की शेवटचं टोक मंद होतं. पाच-पाच मीटरचे तुकडे करून प्रत्येकाला सप्लायपासून वेगळी जोडी न्यावी, किंवा एकाच तुकड्याला दोन्ही टोकांनी वीज द्यावी.

शिडीवर चढण्याआधी

नवा पॉइंट काढणं, वायर ओढणं हे परवानाधारक वायरमनचं काम. दिवा, पंखा, फ्यूज, बटण अशा गोष्टी जागच्या जागी बदलण्यापुरतीच नियमांत सूट आहे, आणि ती रास्त आहे. पण काम दुसरा करत असला तरी घर आपलं असतं, म्हणून काही गोष्टी आपण स्वतः बघाव्यात.

पहिली इन्व्हर्टरची. भारनियमनाने आपल्या घराघरांत इन्व्हर्टर बसवले. मेन स्विच पाडला की घर मेलं असं आपण धरतो, आणि इन्व्हर्टर त्याच क्षणी "लाइट गेली" समजून दिव्यांच्या वायरीत परत २३० व्होल्ट सोडतो. हॉलची पट्टी बहुतेक वेळा इन्व्हर्टरच्याच लाइनवर असते. त्यामुळे मेनसोबत इन्व्हर्टरही बंद करायचा, आणि मग मोजून बघायचं. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही, असं कधीही धरू नका. पायात रबरी चप्पल आणि लाकडी शिडी असली तर फेजवरही तो फसवतो, आणि बारा व्होल्ट डीसीवर तर तो लागतच नाही. मल्टिमीटर आधी चालू पॉइंटवर लावून बघा, मग कामाच्या जागी. डीबीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, असावी, आणि तिचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघावं.

दुसरी सप्लायची. त्याची ताकद पट्टीच्या वॅटपेक्षा पाव हिस्सा तरी जास्त ठेवा. ७२ वॅटला १०० वॅटचा. छतातली हवा कोंडलेली असते, काठोकाठ चालवलेला सप्लाय तिथे लवकर जातो. लोखंडी जाळीचा असेल तर त्याच्या एका बाजूला ११० आणि २२० चा छोटा सरकता स्विच असू शकतो. तो २२० वर आहे ना, हे वीज देण्याआधी बघा. ११० वर राहिला तर पहिल्याच क्षणी आतून फटाका वाजतो. या सप्लायच्या तोंडाशी फेजचा स्क्रू आणि बाराचे स्क्रू एकाच ओळीत, बोटभर अंतरावर असतात. त्यावरचं प्लास्टिकचं झाकण लावल्याशिवाय कामगाराला सोडू नका. आपल्याकडे फॉल्स सीलिंगमध्ये पाली आणि मुंग्या हमखास शिरतात, आणि जाळीतून आत गेलेली पाल स्वतः मरते व सप्लायही मारते. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या दमट हवेत पूर्ण बंद, पाणी न शिरणारा सप्लाय आणि सिलिकॉनचा थर असलेली पट्टीच घ्यावी; उघड्या पट्टीच्या तांब्यावर दोन पावसाळ्यांत हिरवट गंज येतो.

तिसरी पाइपाची. बाराच्या वायरी आणि २३० च्या वायरी एकाच पाइपातून नेऊ नयेत. इन्सुलेशन कुठे सोललं तर आपण निर्धास्तपणे हात लावतो त्या पट्टीत २३० उतरतात.

आणि शेवटी झाकण. पीओपीवाला म्हणेल, सपाट करून टाकू, छान दिसेल. त्याला थांबवा. सप्लाय हाताने बाहेर काढता येईल एवढं, फूटभर चौकोनी झाकण ठेवून घ्या. बंद करण्याआधी टेप लावून अंतराचा फोटो काढा : भिंतीपासून किती, बोर्डाच्या रेषेपासून किती, कुठली वायर कुठून वळली. आमच्या हॉलच्या बोर्डाच्या प्लेटमागे आता एक चिठ्ठी घडी करून ठेवलेली आहे. "पट्टीचा सप्लाय छतात, खिडकीच्या कोपऱ्यापासून चार फूट. या बटणात २३० आहेत. इन्व्हर्टरही बंद करा."